एक्केचाळीस गाठी

“सात काढले होते ताई. सहाच लावलेत.”

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून वळून पाहिलं. नाना दिवटे खाटेवर बसले होते, तेही माझ्याकडे पाठ करून. कॉम्प्युटरचं झाकण काढताना मी एकेक स्क्रू स्टीलच्या वाटीत टाकत होते, तो आवाज त्यांनी मोजला होता. वाटी तर रिकामी होती. शोधाशोध केल्यावर सातवा स्क्रू माझ्याच मांडीखाली निघाला.

“मोजत बसता की काय तुम्ही?” मी म्हटलं.

“बसत नाही. मोजलं जातं,” नाना म्हणाले.

दोन हजार तीन साल होतं ते. गणपती नुकतेच उठले होते. मी चोवीस वर्षांची, नाशिकला घुगेसरांच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीला होते. डिप्लोमाला पहिल्या वर्गात पास झालेली, त्यामुळे डोक्यात हवा गच्च भरलेली. त्यात तोंड आधीपासूनच फाटकं. येवल्याला कोणा विणकराकडे बारा वर्षांचं जुनं मशीन बंद पडलंय, कोणी हात लावायला तयार नाही, असा निरोप आला तेव्हा सर म्हणाले, हेमांगीला पाठवा, तिला जुन्या मशीनची हौस आहे. मला कसलीही हौस नव्हती. दुकानातल्या बाकीच्या दोघांनी नाही म्हटलं होतं, एवढंच.

नानांचं घर म्हणजे पुढे एक लांबट खोली, त्यात जमिनीत खड्डा करून बसवलेला हातमाग, आणि मागाशेजारी टेबलावर हा कॉम्प्युटर. मशीन बघून मला हसूच आलं. कॅबिनेटवर दर दसऱ्याला लावलेल्या हळदीकुंकवाचे थर साचले होते. मागच्या बाजूला एक मळका दोरा बांधलेला होता, गाठीगाठींचा. दृष्ट लागू नये म्हणून बांधला असणार, मी मनात म्हटलं. तो झाकणाच्या फटीत अडकत होता, म्हणून मी कटरने कापला आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून दिला. कोणाला विचारलं नाही. विचारायचं असतं हेही सुचलं नाही.

काम काय आहे ते नानांच्या सुनेने, रोहिणीवहिनींनी, चहा देता देता सांगितलं.

नानांच्या बायकोचं नाव कलावती. त्यांच्या माहेरी पणजीच्या पैठणीच्या पदराचा एक जुनाट तुकडा होता. त्यावर आसावलीची वेल होती, खालून वर चढत गेलेली. पण नेहमीच्या पदरावर एकच फूल पुन्हा पुन्हा येतं तसं त्यात नव्हतं. खाली कळी, तिच्यावर जरा उमललेली कळी, मग अर्धं फूल, मग पूर्ण फूल, आणि पुढे ते फूल हळूहळू ओसरत गेलेलं. एकासारखं दुसरं नाही. तो तुकडा हात लावला तरी झडायचा. कलाकाकूंनी भिंग घेऊन दोन वर्षं त्यातला एकेक धागा मोजला आणि चौकटी चौकटीने या कॉम्प्युटरमध्ये भरला. नऊ भाग केले. नववा भाग भरून झाला तोवर तुकड्याचा भुगा झाला होता. त्यानंतर सहा महिन्यांत काकू गेल्या.

“चार वर्षं नानांनी तिकडे बघितलं नाही,” वहिनी म्हणाल्या. “मागच्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येणार नाही. त्या दिवशी घरी आले आणि म्हणाले, ताणा चढवायचा, हिचा पदर विणायचा.”

वहिनी एकेक भाग छापून द्यायच्या आणि चौकटी वाचून दाखवायच्या, नाना विणायचे. पाच भाग विणून झाले. सहावा छापायला गेल्या तर मशीन सुरूच होईना. डॉक्टर म्हणाले होते, रंग ओळखण्यापुरती नजर दिवाळीपर्यंत टिकेल, पुढचं सांगता येत नाही.

मी मागावर नजर टाकली. जांभळ्या रेशमावर वेल अर्ध्यावर येऊन थांबली होती. मधलं मोठं फूल तळापासून निम्म्यापर्यंतच विणलेलं होतं. वरच्या नुसत्या ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, धूळ बसू नये म्हणून वहिनींनी जुनं धोतर पांघरलं होतं.

मशीनचा दोष साधाच होता. या जुन्या मशीनना आपल्या पोटात केवढी डिस्क आहे ते आपण होऊन कळत नाही, माणसाने सांगावं लागतं. एकदा सांगितलं की एका छोट्या बॅटरीच्या जोरावर ते लक्षात ठेवतं. बॅटरी संपली की विसरतं. इथे बॅटरी संपली होती. मी नवी घातली आणि सुरू केलं, तर पडद्यावर प्रश्न आला: डिस्क कोणती?

आता आली का पंचाईत. मी शिकले ती सगळी मशीन स्वतःच डिस्क ओळखणारी. असा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. डिस्कवर लेबल होतं, पण कसरीने खाऊन त्याची जाळी झालेली, एक आकडा वाचता येईल तर शपथ. पडद्यावर मात्र यादी होती, शेहेचाळीस प्रकारच्या डिस्कची, प्रत्येकापुढे तिचे आकडे. यातला तुमचा प्रकार निवडा. मी पहिल्यापासून लावत गेले. पहिला नाही. दुसरा नाही. तिसरा लावला आणि मशीन घरघरत सुरू झालं.

मी टाळी वाजवली. एक तास झाला नव्हता आणि मशीन चालू! पाचची एसटी मिळणार म्हणून मी मनातल्या मनात निघालेसुद्धा.

वहिनींनी पहिला भाग उघडायला घेतला. उघडला. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. सगळे ठणठणीत. सहावा उघडायला गेल्या तर मशीनने खरखर केलं आणि पडद्यावर आलं की ही जागा सापडत नाही. सातव्यालाही तेच. आठव्याला, नवव्यालाही तेच. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

मी सरांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, “बारा वर्षांची डिस्क आहे, मागचा भाग गेला असेल. एकदा पूर्ण तपासणी लावून बघ, खराब जागा दिसतील. मग चांगले भाग फ्लॉपीवर काढून घे, सगळं पुसून नव्याने डिस्क तयार कर आणि त्यांना सांग, सुरुवातीचं वाचलं तेवढं नशीब.”

मी फोन ठेवला आणि नानांना सांगितलं. कसं सांगितलं ते आठवलं की आजही स्वतःची लाज वाटते. दुकानात ग्राहकाला सांगतो तसं, एका दमात सांगितलं. पाच भाग वाचलेत, चार गेले. डिस्क जुनी झाली की असं होतं.

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला आणि त्या आत गेल्या. नानांनी विचारलं, “गेले म्हणजे परत नाहीच?”

“नाही नाना.”

“बरं. तुम्ही तुमचं काम करा.”

मी फ्लॉपी घालून तपासणी लावली. यात मशीन डिस्कच्या पहिल्या वर्तुळापासून शेवटच्या वर्तुळापर्यंत जातं. एक वर्तुळ तपासून झालं की आतला काटा पुढच्यावर सरकतो. हल्लीच्या डिस्कमधून काही ऐकू येत नाही, पण ती जुनी डिस्क प्रत्येक वेळी आवाज करायची. टक्. मग थोडं थांबून टक्. खोलीत दुसरा आवाजच नव्हता, त्यामुळे फार मोठ्याने वाटत होता तो. नाना खाटेवरून उठून मागाच्या खड्ड्याच्या काठावर, मशीनच्या जवळ येऊन बसले. मागाखालून रेशमाचा एक तुटका धागा त्यांनी उचलला आणि मान खाली घालून बोटांत घोळवू लागले. ओठ हलत होते. मला वाटलं जप करताहेत. करू देत बिचारे, मी मनात म्हटलं.

दहा-बारा मिनिटांनी आवाज थांबला. तपासणी पूर्ण. खराब जागा: शून्य.

मी चक्रावले. डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत चांगली, मग चार भाग गेले कुठे? सरांना परत फोन लावला. सर वैतागलेले होते, दुकानात गर्दी होती. म्हणाले, “जुन्या मशीनचं काही खरं नसतं. नव्याने तयार कर आणि ये.” चांगले पाच भाग फ्लॉपीवर उतरवून मी आज्ञा टाइप केली. मशीनने विचारलं, डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? हो असेल तर वाय दाबा. माझं बोट त्या अक्षरावर होतं.

“थांबा ताई,” नाना म्हणाले. “ताणा पुरा झाला नाही.”

“कसला ताणा?”

“याचा.” त्यांनी मशीनकडे हनुवटी केली. “मधेच थांबलंय ते.”

“नाही हो नाना, पूर्ण झालं. पडद्यावर लिहून आलंय.”

“लिहू द्या.” त्यांनी हातातला रेशमाचा धागा वर केला. त्याला बारीक बारीक गाठी मारलेल्या होत्या. “दर विसाला एक गाठ. तीस गाठी झाल्या आणि वर पंधरा. पहिल्या वेळी जास्त होत्या.”

“पहिल्या वेळी म्हणजे कधी?”

मग त्यांनी सांगितलं. एक्याण्णव साली पुण्याहून माणूस येऊन हे मशीन लावून गेला. त्यानेही अशीच टकटक लावली होती, डिस्क पहिल्यांदा तयार करताना. कलाकाकू पडद्याकडे बघत होत्या आणि नाना याच खड्ड्याच्या काठावर बसून मोजत होते. नानांच्या वडिलांची रीत होती, मागावर नवा ताणा चढवला की तो मोजायचा, दर विसाला दोऱ्याला एक गाठ मारायची आणि तो दोरा मागालाच बांधून ठेवायचा, म्हणजे पुढे कधीही धागा हरवला की कळतं. हा बायकोचा माग, म्हणून नानांनी याचाही दोरा केला. पुण्याचा माणूस हसला होता म्हणे.

“मागे बांधलाय बघा,” नाना म्हणाले. “त्यावर किती आहेत ते मोजून सांगा. मला आता आठवत नाही.”

तोच दोरा मी कापून टाकला होता.

मी बोटाने अक्षर न दाबता हात उचलला आणि सरळ कोपऱ्यातल्या डब्याशी गेले. डब्यात चहाचा चोथा होता, कांद्याची सालं होती. त्यात हात घालून मी तो दोरा काढला. नानांना काय झालं ते न सांगताच कळलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त हात पुढे केला. मी दोरा ओढणीला पुसून त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांनी तो दोन बोटांत धरला आणि एकेक गाठ अंगठ्याखालून सरकवू लागले. मी समोर मांडी घालून बसले होते. तीस गाठी झाल्या. दोरा संपला नव्हता. एकतीस. बत्तीस. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. चाळीसनंतर एक गाठ राहिली.

“एक्केचाळीस,” नाना म्हणाले. “वर सुटे नाहीत. आठशे वीस झाले. तुमचं मशीन सहाशे पंधरावर थांबलं. दोनशे पाच राहिलेत ताई. तिचं जे काय आहे ते त्या दोनशे पाचात आहे.”

सहाशे पंधरा. हा आकडा मी कुठेतरी पाहिला होता. मी मशीन बंद करून सुरू केलं आणि पुन्हा ती यादी काढली. तिसरा प्रकार, जो मी निवडला होता, त्याच्या पुढे लिहिलेलं होतं: वर्तुळं सहाशे पंधरा.

मशीनने तपासणी पूर्ण केली होती, पण मी सांगितली तेवढीच. डिस्क आठशे वीसची होती, मी तिला सहाशे पंधराची म्हणून ओळख करून दिली होती. त्यापलीकडे काही आहे हे मशीनला माहीतच नव्हतं, म्हणून ते जागा सापडत नाही म्हणत होतं. काकूंनी शेवटी भरलेले भाग डिस्कच्या शेवटाला होते. आणि पहिल्या पायरीला चूक करून, शिकलेली मी, ते सगळं पुसायला निघाले होते. त्या म्हाताऱ्या माणसाने कॉम्प्युटरला कधी बोट लावलं नव्हतं. त्याने नुसतं ऐकून, डिस्क किती मोठी आहे हे मला वर्तुळाला वर्तुळ बरोबर सांगितलं होतं.

यादीच्या शेवटी सत्तेचाळिसावा प्रकार होता. त्यात आकडे आपण भरायचे. बाकीचे आकडे तिसऱ्या प्रकाराचेच ठेवून मी वर्तुळांच्या जागी आठशे वीस लिहिलं. दोनदा चुकले.

मशीन सुरू झालं. वहिनींना हाक मारायचा धीर झाला नाही, म्हणून आधी पुन्हा तपासणी लावली. टक्. टक्. या वेळी मीही मोजायला लागले, पण शंभराच्या आत माझा घोळ झाला. नानांचा होत नव्हता. त्यांचे ओठ हलत होते आणि नव्या दोऱ्यावर गाठ पडत होती. तिसावी गाठ पडली, पुढे पंधरा टक् झाले आणि आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं.

टक्.

सोळावा. नाना हसले. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं. पुढचे सगळे आवाज मी ऐकत राहिले, माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला ते पुसायचंही भान नव्हतं. एक्केचाळिसावी गाठ पडली आणि डिस्क थांबली. त्यानंतर एकसुद्धा आवाज आला नाही.

सहावा भाग वहिनींनीच उघडला. पडद्यावर रंगीत चौकटी एकेका ओळीने भरत गेल्या आणि फुलाचा वरचा अर्धा भाग दिसू लागला. सातवा उघडला, आठवा उघडला, नववाही उघडला. वहिनी हुंदके देत नानांना सांगत होत्या, आहे नाना, सगळं आहे. नाना पडद्यापुढे आले, डोळे बारीक करून बघायचा प्रयत्न केला आणि मागे सरले. त्यांना तो उजेड सोसत नव्हता.

“पहिली ओळ वाच,” ते सुनेला म्हणाले आणि मागावर जाऊन बसले.

ती एसटी मी सोडली. सगळे भाग फ्लॉपीवर दोन-दोनदा उतरवून घेतले, आणि निघेपर्यंत मीही चौकटी वाचून दाखवल्या. तीन गुलाबी, एक जर, सात हिरवे. नानांच्या बोटांतल्या, रंगीत रेशीम गुंडाळलेल्या इवल्या कांड्या ताण्यातून आत-बाहेर होत होत्या. जाताना मी तो कापलेला दोरा परत मशीनला बांधायला घेतला. मला नीट गाठ मारता येईना, तेव्हा नानांनी तो माझ्या हातातून घेतला आणि बांधला.

“आता कापू नका,” म्हणाले.

तुळशीच्या लग्नानंतर वहिनींचा फोन आला, पदर उतरला, नानांनी बोलावलंय. मी रजा टाकून गेले. खाटेवर पांढरी चादर अंथरून त्यावर पैठणी ठेवली होती. नाना शेजारी बसलेले. दारात मी उभी राहिले तरी त्यांनी मान वळवली नाही, चप्पल काढल्याचा आवाज ऐकून वळले. दिवाळीनंतर आठ दिवसांनी नजर गेली होती, वहिनींनी फोनवर सांगितलं होतं. पदराची शेवटची चार बोटं त्यांनी जवळजवळ अंदाजाने विणली होती. सुनेने रंगाची कांडी हातात द्यायची आणि आकडा सांगायचा.

मी विचारलं, चुकलं तर नाही ना कुठे?

“चुकणार कसं? मोजलंय,” ते म्हणाले. मग माझं बोट धरून पदराच्या मधोमध ठेवलं. “इथं थांबलो होतो. इथपर्यंत तुमचं सहाशे पंधरा.” माझ्या बोटाला काही लागलं नाही, सगळीकडे सारखंच मऊ होतं. ते मात्र हसत होते.

मी पदराकडे पाहिलं. पाहत राहिले. मशीनच्या पडद्यावर नुसत्या चौकटी होत्या, त्यांचं हे असं होतं हे मला कळलंच नव्हतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणीतरी विणलं, त्याचा भुगा होण्याआधी एका बाईने ते मोजून ठेवलं, आणि आता ते इथे माझ्यासमोर होतं.

“कसं दिसतंय?” नानांनी विचारलं.

“काकूंनी काढलं अगदी तसं.”

“ते मला माहिताय. दिसतं कसं ते सांगा. वरचा भाग मी पाहिलाच नाही.”

बोलण्यात मला कोणी हरवत नाही असा माझा लौकिक. पण सुरुवात कुठून करावी तेच कळेना. मग मी खाटेवर त्यांच्या शेजारी बसले, त्यांचा हात घेऊन पदराच्या अगदी खालच्या टोकावर ठेवला आणि म्हटलं, “इथे एक कळी आहे नाना. बंद. टोकाला जरासा गुलाबी रंग दिसतोय.”

“हं,” नाना म्हणाले. “पुढं?”

मी त्यांचा हात थोडा वर सरकवला.